नॉमिनीचा पत्ता

४ जून

मोठे,

आशीर्वाद रोज सकाळी देवापुढे दिवा लावताना देतेच, आज कागदावर देते एवढाच फरक. पत्र तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुझ्या घराचा पत्ता माझ्याजवळ नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते निदान वाजून वाजून बंद पडत नाही.

कारण सांगते. धाकटीचा निकाल लागला. चांगली पास झाली. चांगली म्हणजे किती, तर शेजारच्या मास्तरीणबाई स्वतःहून अभिनंदन करायला आल्या, आणि त्या उगाच कुणाचा उंबरा चढत नाहीत हे तुला माहीत आहे. बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, वसतिगृहात राहायचं आहे. कॉलेजच्या चिठ्ठीत लिहिलं आहे की मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँकेत खातं पाहिजे, त्याशिवाय प्रवेश पक्का होणार नाही. शिष्यवृत्ती थेट त्यात जमा होते म्हणे. महिनाअखेरची मुदत आहे.

तर विचारायचं होतं की खातं कोणत्या बँकेत काढावं? तू एकटी राहतेस, नोकरी करतेस, तुला जास्त कळत असेल. मी मॅट्रिक. घरखर्चाची वही लग्न झाल्यापासून लिहिते, पण वही वेगळी आणि बँक वेगळी. वहीत पैसे कमी पडले तर मी मलाच बोलते. बँकेत पैसे कमी पडले तर ते दंड घेतात. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे घ्यायचे! हे शास्त्र मला कुणीतरी समजावून सांगावं.

घरी सगळं ठीक. तुझ्या बाबांचा डावा कान आता जवळजवळ गेलाच. इतकी वर्षं औषधांच्या गोदामाची गाडी चालवायची, इंजिनाशेजारी बसायचं, मग दुसरं काय होणार? दाराची बेल वाजली तरी त्यांना ऐकू येत नाही. धाकटी म्हणते, बाबांसाठी भोंगा बसवू या.

अजून एक. तुझी निळी रजई मी जपून ठेवली होती. मागच्या थंडीत उन्हात टाकायला काढायला गेले तर कपाटात नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "गोदामाच्या रखवालदाराला दिली. कुडकुडत होता बिचारा." दान केलं म्हटल्यावर रागावता येत नाही. पण खरं सांगू का, देवाजवळ त्या रखवालदारासाठी माझ्या तोंडून चांगलं मागणं निघालं नाही. त्या रजईच्या एका कोपऱ्याला तू लहानपणी चावून चावून भोक पाडलं होतंस.

उत्तर दे. फक्त बँकेबद्दल लिहिलंस तरी चालेल.

आई


११ जून

मोठे,

तुझं उत्तर आलं नाही, आणि बँका काही माझ्यासाठी थांबणार नाहीत. म्हणून धाकटीला घेऊन मीच निघाले. जे पाहिलं ते लिहिते. वाचून हसलीस तरी माझं पत्र कामी आलं.

पहिल्यांदा गेलो ते आपल्या जुन्याच बँकेत, बाजाराच्या तोंडाशी आहे तिथे. तुला आठवेल, तिथलं पेन दोरीने बांधलेलं असतं. आता पेन नवीन आहे पण दोरी इतकी आखूड केली आहे की सही करायची तर काउंटरवर आडवं व्हावं लागतं. चष्मेवाले कारकून अजून तेच. "जेवणानंतर या," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर बँक उघडली." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो, गर्दी नसते तेव्हा." पण माणूस खरा. विद्यार्थ्याच्या खात्यात काहीही शिल्लक नसली तरी चालतं, कार्डाला वर्षाला थोडे पैसे पडतात, आणि कॉलेजच्या फाटकाशेजारी त्यांची शाखा आहे, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं.

दुसरी ती काचेची. आत इतकं गार की मी हात काखेत घालून बसले. टाय लावलेला मुलगा आला, पाणी दिलं, मला "मॅम" म्हणाला. मला वाटलं मागे कुणीतरी उभं आहे.

"मॅम, वेलकम किटमध्ये पाकीट फ्री आहे."

"शिल्लक किती ठेवावी लागते?"

"मॅम, ते बघू नका, फायदे बघा."

"बाळा, मी लग्नापासून शिल्लकच बघत आले आहे. तू सांग."

त्याने आकडा सांगितला. मी पाणी संपवलं, ग्लास जागेवर ठेवला आणि उठले. बाहेर आल्यावर धाकटीला म्हटलं, "पाकीट देतात ते का ठाऊक आहे? आधी आपलं रिकामं करतात, मग त्यांचं रिकामं आपल्याला देतात." ती रस्ताभर हसत होती. तुझ्यासारखी हसते, नाकाने.

तिसऱ्या बँकेत जावंच लागलं नाही. ती धाकटीच्या फोनमध्येच आहे.

"शाखाच नाही गं आई, सगळं फोनवर."

"मग भांडायचं झालं तर कुठे जायचं?"

"चॅट करायचं."

मी सांगितलं, ज्या बँकेला दार नाही तिथे माझी मुलगी पैसे ठेवणार नाही. विषय संपला.

म्हणजे जुनी बँकच ठरली. कॉलेजपाशी तिची शाखा नक्की कुठे, हे तुझ्या बाबांना विचारलं. त्यांची गाडी तिकडे जाते. तुला माहीतच आहे, त्यांना पत्ता विचारला की कुत्र्यासकट सांगतात. "फाटकातून आत नाही जायचं. बाजूची गल्ली, झेरॉक्सवाल्याला लागून. पायऱ्या चार, तिसरी तुटकी. दारात पिवळं कुत्रं असतं, चावत नाही." धाकटीने विचारलं, "कुत्र्याचा पिनकोड?" ते हसले नाहीत, पण आतून हसले, मला कळतं.

हल्ली ते फार हसत नाहीत. नेमाने जातात, नेमाने येतात. आणि नियम तर विचारू नकोस! परवा मास्तरीणबाईंचं औषध त्यांच्याच गाडीत होतं. शेजारचं दार, पण गोदामाची पद्धत म्हणजे पद्धत. दोनदा बेल वाजवायची, थोडं थांबायचं, उघडलं नाही तर माल परत. बाई न्हाणीघरात होत्या. तर तुझे बाबा औषध परत घेऊन निघाले! मी म्हटलं, "अहो, शेजारीण आहे, दार वाजवायचं, हाक मारायची." तर म्हणाले, "बेल असताना दार बडवू नये. माणूस उघडत नाही त्याला काही कारण असतं." शेवटी मीच जाऊन बाईंना औषध दिलं.

तू कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर? बँकेबद्दलच लिही म्हटलं होतं ते मागे घेते. काहीही लिही.

आई


१७ जून

मोठे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "खातं तिच्या एकटीच्या नावाने काढा. दुसऱ्या कुणाचीही सही त्यात घालू नका." खाली नावही नाही. पण अक्षर तुझं. "ण" काढताना तू अजून रेघ खाली ओढतेस. मी तो कागद देवाजवळ ठेवला. देवाला म्हटलं, मला दोन ओळी मिळाल्या, मी तक्रार करत नाही.

पण घरात त्या दोन ओळींनी काय झालं ते ऐक.

बँकेतून फॉर्म आणला होता. जेवणं झाली आणि धाकटी टेबलावर भरायला बसली. त्यात एक रकाना आहे: खातं कसं चालवायचं? एकट्याने, दोघांपैकी कुणीही, की दोघांनी मिळून. तुझे बाबा हात पुसत आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोघांनी मिळून. तिची सही आणि माझी."

धाकटीने पेन खाली ठेवलं. "मग वर्गातही आपण दोघं मिळूनच बसू या बाबा. परीक्षा पण मिळून देऊ."

"थट्टा नको. लांब राहणार आहेस. पैशावर कुणाची तरी नजर हवी."

"ताईच्या पैशावर होती की तुमची नजर. काय झालं?"

मोठे, तू गेल्यापासून या घरात त्या टेबलावर "ताई" हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. भांडी घासत असलेले माझे हात पाण्यातच राहिले.  ते उठून बाहेर गाडी पुसायला गेले, आणि गाडी स्वच्छच होती.

तुझं ते खातं अजून तसंच आहे. दोघांनी मिळून, तू आणि ते. तुला त्या लांबच्या शहरात शिकायला जायचं होतं, ते नको म्हणत होते. तू पैसे काढायची स्लिप भरलीस, तुझी सही केलीस आणि त्यांच्यासमोर ठेवलीस. त्यांची जागा रिकामीच राहिली आणि तू बॅग उचललीस. पैसे आहेत तिथेच आहेत, व्याज चढतंय. मी वर्षातून एकदा पासबुक भरून आणते. हिशेबाला चोख आहे, उपयोगाला शून्य.

म्हणून तुझं म्हणणं मला पटतं. धाकटीला अठरा पूर्ण झाली आहेत, तिची तिला सही पुरे. मी हे तुझ्या बाबांना सांगितलं. ते "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे काय, ते तूही ओळखतेस.

आता मुद्द्याचं. फॉर्ममध्ये शेवटी एक ओळ आहे, नॉमिनी. म्हणजे आपलं काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाला द्यायचे. मी म्हटलं, "अभद्र बोलू नये, पण आईचं नाव घाल." धाकटीने मान हलवली आणि तुझं नाव लिहिलं. नातं: बहीण. पुढे नॉमिनीचा पत्ता लागतो, राहता पत्ता. तिथे येऊन ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

तर पत्ता कळव. बँकेसाठी हवा आहे.

बँकेसाठी हवा आहे असं मी वर लिहिलं आहे, ते खोडत नाही. खोटंही नाही ते.

आई


२३ जून

मोठे,

तुझं उत्तर आलं. "पत्ता कशाला हवा आहे? एवढ्या वर्षांत माझ्या दारात कोण आलं? प्रयोगशाळेचा घाला."

मी ते धाकटीला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, अजून आलं नाही.

तुझं म्हणणं बरोबर आहे. कोणी आलं नाही. मी एकटी कधी बसस्टँडच्या पलीकडे गेलेली नाही, ही सबब नव्हे, नुसती खरी गोष्ट आहे. आणि तुझे बाबा... मागच्या थंडीच्या सुरुवातीला एकदा मी त्यांना म्हटलं होतं, तुमची गाडी तिच्या शहरात जाते, एकदा डोकावून या. तर दुसऱ्या फेरीहून परत आले ते तोंड पाडून. जेवले नाहीत. म्हणाले, "तिचा विषय आता या घरात नको." मी कारण विचारलं नाही. त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की विचारलं असतं तर ते रडले असते, आणि मग मला ते रडताना बघावं लागलं असतं.

उद्या-परवा बँकेत जायचं आहे. ते बरोबर येणार आहेत. यावंच लागणार, कारण विजेचं बिल त्यांच्या नावावर आहे, मुलगी याच घरात राहते असं लिहून त्यांनी सही करायची. धाकटी मला कुजबुजत म्हणाली, "आई, बाबांनी काउंटरवर परत दोघांनी मिळून म्हटलं तर मी काय करू?" मी म्हटलं, "तुझी सही आधी कर. पेनची दोरी आखूड आहे, ते पोचेपर्यंत होऊन जाईल."

हसून सांगितलं, पण रात्री डोळ्याला डोळा नाही. एक गेली ती अशाच एका सहीवरून. दुसरी तर नुसती कॉलेजला चालली आहे, सुट्टीत येईल. येईल ना?

नॉमिनीच्या पत्त्याची जागा कोरीच आहे. प्रयोगशाळेचा पत्ता चालणार नाही, चष्मेवाल्यांनी आधीच सांगितलं आहे, राहताच लागतो. नाहीतर नाव खोडून दुसरं घालावं लागेल. धाकटी म्हणते, खोडणार नाही. मग काय करायचं ते देव जाणे. देवावर टाकलं की माझी वही तरी बंद होते.

आई


२६ जून

मोठे,

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. 

आम्ही तिघं काउंटरपाशी उभे. चष्मेवाले फॉर्म वाचत होते. "खातं कसं चालवणार? इथे खूण नाही केलेली." धाकटीने पेन धरलं होतं पण हात हलत नव्हता. ती बाबांकडे बघत होती, बाबा त्या दोरीकडे.

"एकटीने," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. "काय?"

"तिच्या एकटीच्या सहीने. माझी विजेच्या बिलाखाली पाहिजे तेवढी घ्या, दुसरीकडे कुठे नको."

मी देवाचं नाव घेतलं. वाटलं, झालं, आता निघू. तेवढ्यात चष्मेवाले म्हणाले, "नॉमिनीचा पत्ता राहिला. बहीण ना? कुठे राहते?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं.  मी प्रयोगशाळेचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि माझ्या शेजारून तुझ्या बाबांचा आवाज आला. गाडीचा पत्ता सांगतात तो आवाज.

"पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली. शिंप्याच्या दुकानावरून आत. निळं फाटक, कडी बाहेरून हात घालून काढावी लागते. दुसरा मजला, जिन्यात दिवा नाही. उजवीकडचं दार, बाहेर तुळशी... नाही, तुळस नाही, कोरफडीची कुंडी आहे. दाराला बेल आहे." मग थांबले. मग हळू म्हणाले, "बेल आहे. पण उघडत नाहीत."

चष्मेवाले हसले. "काका, बेल लिहायची नसते. घर नंबर आणि पिनकोड सांगा."

त्यांनी दोन्ही सांगितलं. कुठेही न बघता.

धाकटी लिहीत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी फॉर्मवर पडत होतं. चष्मेवाल्यांनी टिपकागद पुढे केला. मी म्हटलं ना, माणूस खरा आहे.

परत येताना बसथांब्यावर मी त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसले. विचारलं, "अहो, कधी गेला होता?"

 रस्त्याकडे बघत म्हणाले, "मागच्या थंडीत. तुझ्या सांगण्यावरून. तिच्या प्रयोगशाळेच्या रखवालदाराकडून घर काढलं. रजई घेऊन गेलो होतो."

"रजई?"

"बेल दाबली. थांबलो. परत दाबली. आत दिवा होता, दाराखालून उजेड दिसत होता. सावली पण हलली. आत होती ती." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "पावलावरून ओळखलं असेल मला. लहानपणी ओळखायची. नाही उघडलं. तिचा हक्क आहे."

"मग हाक मारायची! दार वाजवायचं!"

"बेल दोनदा वाजवल्यावर दार बडवायचं नसतं."

"आणि रजई?"

"गाडीत आहे. सीटच्या मागे."

बस आली. आम्ही चढलो. मी त्यांना तिकीट काढू दिलं नाही, मी काढलं, का ते मलाही ठाऊक नाही.

मोठे, मी तुला काही विचारते. रागाने नाही. तुला उघडायचं नसेल तर नाही उघडलंस, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, ते म्हणाले तसं तुझा हक्क आहे. पण तू लिहिलंस की दारात कोण आलं. ते आले होते, आणि तू म्हणतेस कोणी आलं नाही. या दोन गोष्टी माझ्या हिशेबात जुळत नाहीत, आणि जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. तुझ्या दाराची बेल वाजते का?

आई


२ जुलै

मोठ्या बाईसाहेब,

तुझं पत्र आलं. या वेळी ओळी मोजल्या नाहीत, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पाहून आधी छातीशी धरलं. मग उजव्या कानाशी तोंड नेऊन तुझ्या बाबांना वाचून दाखवलं:

"आई, बेल मी राहायला आले तेव्हापासून बंद आहे. घरमालकीण करून देत नाही, मी पण मागे लागले नाही, कारण माझ्याकडे येतं कोण? जे येतात ते दार वाजवतात. बाबा बाहेर उभे होते आणि मी आत बसून चहा गाळत होते, हे मला आता कसं सहन होणार? मला कळलंच नाही गं."

त्यांनी परत वाचायला सांगितलं. परत वाचलं. मग म्हणाले, "वाजतच नव्हती?"

"नव्हती."

"मला वाटलं, मला ऐकू येत नाही म्हणून."

मग ते उठून मोरीत गेले आणि नळ सोडला. धाकटी म्हणाली, "बाबा पाणी फुकट घालवतायत." मी म्हटलं, "आज घालवू देत."

आता नीट ऐक, कारण हे कामाचं आहे. धाकटीचं खातं निघालं, तिच्या एकटीच्या सहीने. पासबुकवर तुझं नाव नॉमिनी म्हणून छापून आलं आहे. ती आल्यागेल्याला दाखवते, जसं काही बक्षीस मिळालं आहे. पुढच्या आठवड्यात वसतिगृहात जाईल. त्याआधी, रविवारी, आम्ही तिघं तुझ्याकडे येतो.

तुझे बाबा काल हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि बेल घेऊन आले. साधी होती ती घेतली नाही, सगळ्यांत मोठ्या आवाजाची घेतली. घरी आल्यापासून उजवा कान लावून वाजवून बघत आहेत. मास्तरीणबाई दोनदा दार उघडून बघून गेल्या, कोण आलंय म्हणून. किंमत त्यांनी मला सांगितली नाही, आणि मीही वहीत लिहिली नाही. देवाच्या नावावर धरली आहे.

पिशवीत बेल, वायर, पेचकस आणि निळी रजई. रजई धुतली, पण कोपऱ्याचं भोक शिवलं नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात बँकेतून आणलेली एक स्लिपही आहे, घडी घातलेली. त्यांच्या जागी त्यांनी सही केली आहे, तुझी जागा रिकामी आहे. ती काढून द्यायचा धीर त्यांना होईल की नाही सांगता येत नाही. तू मागू नकोस. चहा दे, देतील.

रविवारपर्यंत घरमालकिणीच्या मागे लागून बेल दुरुस्त करून घेऊ नकोस. तेवढं काम त्यांच्यासाठी राहू दे.

काल म्हणत होते, "दार तू वाजव. माझा हात उचलणार नाही." मी सांगितलं, "तसं चालायचं नाही. तिचं आपलं खातं दोघांनी मिळून चालवायचं आहे."

तेव्हा रविवारी दारावर दोन हातांचा आवाज आला, तर समज, आम्हीच.

आई